मोफत आणि मुक्त : झिप फाईलची जन्मकथा

भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. ती चालू होती तेव्हा शुभेच्छांच्या तारांसाठी ठरावीक वाक्यांची एक छापील यादी असे. दिवाळीच्या शुभेच्छा, नवदांपत्याला आशीर्वाद, परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन अशा प्रत्येक वाक्याला एक क्रमांक दिलेला होता. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक सांगायचा. तारेवरून तेवढा आकडा जाई आणि पलीकडच्या कचेरीत यादी पाहून पूर्ण वाक्य लिहिले जाई. मजकूर तोच पोचे, खर्च मात्र कमी.

भजनांच्या किंवा आरत्यांच्या पुस्तकातही असेच काहीसे दिसते. ध्रुपद पहिल्यांदा पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसते 'ध्रु.' असे लिहिले की म्हणणाऱ्याला कळते : मागे जा आणि त्याच ओळी पुन्हा म्हणा. हजेरीपटात वरच्याच नोंदीसाठी आपण दोन छोट्या रेघा मारतो, त्यामागचा विचारही हाच.

निकालपत्रके, प्रश्नपत्रिका किंवा प्रकल्पांचे अहवाल केंद्रप्रमुखांकडे पाठवताना आपण त्यांची 'झिप' करतो, तेव्हा संगणक याच युक्त्या वापरतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, आणि तिच्यासाठी लागणारी आज्ञावली इतक्या सहज व विनामूल्य मिळते, की तिला काही इतिहास असेल असे वाटतच नाही. प्रत्यक्षात या साध्या साधनामागे गणित आहे, कोर्टकज्जा आहे, पेटंटाचा वाद आहे. तारेच्या यादीबद्दल एक प्रश्न मनात ठेवून आपण हा इतिहास पाहू. दोन्ही टोकांना तीच यादी असेल तरच तार वाचता येते. मग ती यादी कोणाच्या मालकीची? ती वाचण्यासाठी उद्या कोणी पैसे मागितले तर?

कमी जागेत लिहिण्याच्या दोन रीती

मजकूर लहान करण्याचे शास्त्र १९४८ मध्ये उभे राहिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे क्लॉड शॅनन यांनी त्या वर्षी संदेशवहनाच्या गणिती सिद्धांतावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. संदेशात 'माहिती' किती आहे हे मोजता येते, आणि अर्थाला धक्का न लावता तो संदेश किती लहान करता येईल याला एक मर्यादा असते, हे त्यांनी दाखवले. पण त्या मर्यादेच्या जवळ पोचायचे कसे?

एक वाट मोर्सच्या लिपीत आधीच दिसत होती. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या 'ई' या अक्षराला मोर्सने एकच टिंब दिले आणि क्वचित येणाऱ्या 'क्यू'ला रेघ-रेघ-टिंब-रेघ अशी लांबलचक खूण दिली. जे वारंवार येते त्याची खूण आखूड, जे क्वचित येते त्याची लांब. पण सर्वांत काटकसरीच्या खुणा कोणत्या, हे नेमके कसे ठरवायचे?

याचे उत्तर एका विद्यार्थ्याने शोधले. १९५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी आपल्या वर्गाला पर्याय दिला : अंतिम परीक्षा द्या, नाहीतर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. डेव्हिड हफमन यांनी निबंध पत्करला. प्रश्न हाच होता, आणि तो खुद्द फॅनो यांनाही पूर्ण सुटलेला नव्हता. फॅनो वरून खाली विभागणी करत येत. हफमन यांनी उलट, खालून वर जायचे ठरवले आणि कोडे सुटले. १९५२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

फळ्यावर सहज करून दाखवता येईल असे उदाहरण घेऊ. समजा, १०० अक्षरांच्या मजकुरात फक्त चारच अक्षरे आहेत : क ५० वेळा, ख २५, ग १५ आणि घ १० वेळा. चार अक्षरांना सारख्या लांबीच्या खुणा द्यायच्या तर प्रत्येकी दोन बिट लागतील : ००, ०१, १०, ११. एकूण २०० बिट. हफमन यांच्या रीतीने सर्वांत कमी वेळा येणारी दोन अक्षरे आधी जोडायची. ग आणि घ मिळून २५ झाले. ही जोडी आणि ख मिळून ५०. ते आणि क मिळून १००. आता या झाडाच्या शेंड्यापासून खाली येताना प्रत्येक फाट्यावर डावीकडे ० आणि उजवीकडे १ लिहिले, की क = ०, ख = १०, ग = ११० आणि घ = १११ अशा खुणा मिळतात. लागणारे बिट : ५० + ५० + ४५ + ३० = १७५. पंचवीस बिट वाचले, आणि कोणतीही खूण दुसरीच्या आरंभाशी जुळत नसल्यामुळे वाचताना घोटाळाही होत नाही.

दुसरी वाट ध्रुपदाची. इस्राएलमधील हैफा येथील टेक्निऑन या संस्थेतील जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. पहिल्या निबंधातील रीत अशी : मजकूर लिहिताना मागे वळून पाहायचे. आता लिहायचा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. 'इतके मागे जा, इतके उचल' एवढेच लिहायचे. 'शाळेची घंटा वाजली, शाळेची दारे उघडली' हे वाक्य पाहा. काना, मात्रा, अनुस्वार, वेलांटी, स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांना प्रत्येकी एक चिन्ह मानून मोजले, तर दुसऱ्या 'शाळेची'च्या जागी '१९ मागे जा, ७ उचल' एवढे लिहून भागते. (सात चिन्हांत शेवटची मोकळी जागा धरली आहे.) विद्यार्थ्यांकडून हे मोजून घ्यावे.

दुसऱ्या निबंधातील रीत तारेच्या यादीसारखी. मजकूर वाचता वाचता तुकड्यांची यादी करत जायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि पुढे तो क्रमांक लिहायचा. गंमत अशी, की ही यादी वेगळी पाठवावी लागत नाही. उलगडणारा संगणक मिळालेल्या मजकुरावरून तीच यादी आपोआप तयार करतो.

संगणकाच्या इतिहासात या दोन रीतींचे नशीब फार वेगवेगळे निघाले.

निबंधात छापलेली, पण मालकीची

१९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी दुसऱ्या रीतीत सुधारणा करून ती एका संगणकविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. लेंपेल, झिव आणि वेल्च यांच्या आद्याक्षरांवरून तिला 'एल-झेड-डब्ल्यू' म्हणतात. ती सोपी होती, वेगवान होती. वाचणाऱ्यांनी ती उचलली. युनिक्स संगणकांवर 'कॉम्प्रेस' नावाची आज्ञावली याच रीतीवर तयार झाली आणि सर्वत्र पसरली.

वेल्च स्पेरी या कंपनीत काम करत. १९८३ मध्येच या रीतीच्या पेटंटासाठी अर्ज झाला होता आणि १९८५ च्या डिसेंबरमध्ये पेटंट मिळाले. पुढे १९८६ मध्ये स्पेरी आणि बरोज या कंपन्या एकत्र येऊन 'युनिसिस' ही कंपनी झाली आणि पेटंट तिच्याकडे गेले. पण निबंधात पेटंटाचा उल्लेख नव्हता. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी छापलेली रीत म्हणजे सर्वांची रीत, असेच समजून ती वापरली.

आर्क आणि झिप

याच काळात घरगुती संगणक येऊ लागले होते. टेलिफोनवरून एका संगणकावरची फाईल दुसऱ्या संगणकावर पाठवता येई, पण ती अतिशय सावकाश जाई आणि तेवढा वेळ टेलिफोनचे बिल चढत राही. म्हणून अनेक फाईली एकत्र बांधून लहान करणाऱ्या आज्ञावलीला मोठी मागणी होती.

त्या वेळी आज्ञावली विकण्याची एक नवी पद्धत अमेरिकेत रुजत होती. आज्ञावली मोकळेपणाने वाटा, मित्रांना नकला द्या, आणि उपयोगी वाटली तर कर्त्याला पैसे पाठवा. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन यांनी आपली 'पीसी-टॉक' ही आज्ञावली अशीच वाटली आणि या पद्धतीला 'फ्रीवेअर' असे नाव दिले. मात्र हे नाव त्यांनी स्वतःच्या व्यापारचिन्हाखाली ठेवले, त्यामुळे इतरांना 'शेअरवेअर' असा दुसरा शब्द शोधावा लागला. 'फ्री' या इंग्रजी शब्दातला घोळ असा पहिल्यापासूनच होता. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत : मोफत आणि मुक्त. ज्याला पैसे पडत नाहीत ते मोफत. ज्यावर कोणाचा अडसर नाही ते मुक्त. एखादी वस्तू मोफत असून मुक्त नसू शकते.

१९८५ मध्ये थॉम हेंडरसन यांच्या 'सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स' या संस्थेने 'आर्क' ही आज्ञावली काढली. ती लोकप्रिय झाली. मिलवॉकी येथील फिल कॅट्झ या विशीतील तरुणाने तेच काम बरेच वेगाने करणारी आज्ञावली लिहिली आणि तिला 'पीकेआर्क' असे नाव दिले. वेगवान साधनाकडे लोक वळले. हेंडरसन यांच्या संस्थेने १९८८ मध्ये लेखाधिकार आणि व्यापारचिन्ह यांच्या भंगाचा दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि कॅट्झ यांनी आर्क नमुन्याच्या आज्ञावल्या पुढे वितरित करायच्या नाहीत असे ठरले.

संगणकप्रेमींची सहानुभूती बहुतांशी कॅट्झ यांच्याकडे होती. एका बड्या कंपनीने एकट्या तरुणाला चिरडले, अशी समजूत पसरली. ती बरोबर नव्हती. आर्कची संस्थाही चार माणसांचीसुद्धा नसेल इतकी छोटी होती, आणि तिने लिहिलेल्या आज्ञावलीवर तिचा हक्क होता. त्यामुळे या भांडणात एक बाजू खलनायकाची आणि दुसरी नायकाची असे ठरवण्यापेक्षा त्यातून काय निघाले ते पाहणे अधिक उपयोगी.

कॅट्झ यांना नवा नमुना तयार करणे भाग पडले. १९८९ मध्ये त्यांनी 'पीकेझिप' ही आज्ञावली काढली आणि तिच्या फाईलींना 'झिप' असे नाव पडले. आपल्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट यापुढची. झिप फाईलीत कोणता बाइट कुठे ठेवलेला असतो, नाव कोठे, आकार कोठे, तारीख कोठे, याचे संपूर्ण वर्णन त्यांनी आज्ञावलीबरोबरच प्रसिद्ध केले आणि हा नमुना कोणीही वापरावा अशी मोकळीक दिली. पीकेझिप ही आज्ञावली मुक्त नव्हती. तिचे पैसे पडत. पण झिप हा नमुना मुक्त होता. तारकचेरी खाजगी, पण वाक्यांची यादी सर्वांना दिलेली, असे म्हणता येईल.

याचा परिणाम लवकरच दिसला. 'इन्फो-झिप' नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी झिप बांधणाऱ्या आणि उलगडणाऱ्या विनामूल्य आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या नाना तऱ्हेच्या संगणकांवर चालत्या केल्या. त्यासाठी त्यांना ना चोरून काही पाहावे लागले, ना कोणाची परवानगी मागावी लागली.

१९९३ मध्ये पीकेझिपच्या दुसऱ्या आवृत्तीने 'डिफ्लेट' ही रीत रूढ केली. तिच्यात नवे असे एकच तत्त्व नाही. आधी १९७७ च्या रीतीने मागे पाहून पुनरुक्ती काढायची, आणि उरलेल्या मजकुराला हफमन यांच्या आखूड-लांब खुणा द्यायच्या. मागे पाहण्याची मर्यादा ३२,७६८ बाइटांची. कॅट्झ यांनी स्वतः १९९१ मध्ये पुनरुक्ती झटपट शोधण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले होते. पण ती पद्धत न वापरताही डिफ्लेटच्या फाईली बांधता येतात, आणि उलगडायला तर तिची गरजच नाही. त्यामुळे रस्ता मोकळा राहिला.

कॅट्झ यांचे स्वतःचे आयुष्य मात्र सुखाचे झाले नाही. मद्याच्या व्यसनाने त्यांना ग्रासले आणि १४ एप्रिल २००० रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, मिलवॉकीतील एका हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला.

पेटंटाची ठेच

आता पेटंट घेतलेल्या दुसऱ्या रीतीकडे वळू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली होती. वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक असलेली संपूर्ण आज्ञावली-व्यवस्था उभारायची, असा हा प्रकल्प. त्यांना फाईली लहान करणारी आज्ञावली हवी होती, पण 'कॉम्प्रेस' पेटंटाच्या छायेत होती. तिला पर्याय म्हणून फ्रान्सचे झाँ-लू गायी आणि अमेरिकेचे मार्क अॅडलर यांनी १९९२ मध्ये 'जीझिप' लिहिली. तिने उघडपणे वर्णन केलेली डिफ्लेट हीच रीत घेतली. (हेच अॅडलर पुढे 'स्पिरिट' या मंगळावरील गाडीच्या मोहिमेचे व्यवस्थापक होते.)

ही सावधगिरी किती योग्य होती हे दोनच वर्षांत कळले. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने चित्रांसाठी 'जिफ' हा नमुना काढला होता. तो मोफत होता, सर्वांनी वापरावा अशीच कंपनीची इच्छा होती, आणि सात वर्षांत तो जगभर पसरला. पण त्याच्या पोटात एल-झेड-डब्ल्यू ही रीत होती. १९९४ च्या डिसेंबरअखेर युनिसिस आणि कॉम्प्युसर्व्ह यांनी जाहीर केले, की जिफ चित्रे हाताळणाऱ्या व्यावसायिक आज्ञावल्यांच्या कर्त्यांनी यापुढे परवाना घ्यावा आणि शुल्क द्यावे.

कायद्याने युनिसिसची बाजू भक्कम होती. पेटंट खरे होते. तरीही, दशकभर ज्या रस्त्याने सगळे गेले त्या रस्त्यावर अचानक जकातनाका उभा राहिला, अशीच भावना सर्वत्र झाली. नुसती ओरड करून लोक थांबले नाहीत. ४ जानेवारी १९९५ रोजी थॉमस बुटेल यांनी नव्या चित्र-नमुन्याचा पहिला मसुदा मांडला. निरनिराळ्या देशांतील आज्ञावलीकारांनी संगणकजाळ्यावरून पत्रव्यवहार करत तो काही आठवड्यांत घडवला. हाच 'पीएनजी'. त्यात चित्र लहान करण्यासाठी डिफ्लेट घेतली गेली. तिच्यासाठी गायी आणि अॅडलर यांनी 'झेड-लिब' हा तयार संच १९९५ मध्ये मोफत आणि मुक्त असा दोन्ही अर्थांनी दिला. १९९६ मध्ये डिफ्लेटचे तपशीलवार वर्णन पीटर डॉइच यांनी इंटरनेटच्या अधिकृत मानक-दस्तऐवजांच्या मालिकेत नोंदवले. पीएनजीलाही त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मान्यता मिळाली.

एल-झेड-डब्ल्यूचे अमेरिकेतील पेटंट २० जून २००३ रोजी संपले, इतर देशांतील २००४ मध्ये. आज जिफ वापरायला कोणालाही काही द्यावे लागत नाही. भारतातील कायद्याचा प्रश्न यातून सहज निघतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार गणिती रीत, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम हे पेटंटयोग्य शोध मानले जात नाहीत. ही तरतूद कशासाठी असावी, यावर अकरावी-बारावीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

मराठी मजकुराचा अनुभव

मोफत आणि मुक्त यांतील फरक मराठी माणसाला वेगळ्या रीतीनेही भोगावा लागला आहे. देवनागरीसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण १९९० च्या दशकात आणि नंतरही बराच काळ छपाईचा व कचेऱ्यांचा पुष्कळसा मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फाँटांच्या खाजगी सांकेतिकेत टंकलिखित झाला. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे एकाचे दुसऱ्याशी जुळत नसे. फाँट हरवला की निबंधाच्या जागी अर्थहीन इंग्रजी चिन्हे दिसत. अशा फाईली आजही खास रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत. फाईल शाबूत, पण 'तारेची यादी' हरवलेली.

आता मराठी बहुतेक युनिकोडमध्येच लिहिली जाते. साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाला सामान्यतः तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला मात्र एकच. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन अंक. मराठीवर हा अन्याय आहे अशी तक्रार ऐकू येते. पण नीट पाहिले तर प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे पुनरुक्तीच पुनरुक्ती! हफमन आणि लेंपेल-झिव यांच्या रीतींना यापेक्षा सोयीचे काय असणार? त्यामुळे झिप केल्यावर मराठीचा हा तोटा बराच भरून निघतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये झिप करण्याची सोय अंगभूत आहे. शिवाय रशियाचे इगॉर पाव्हलॉव यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'सेव्हन-झिप' ही मुक्त आज्ञावली आहे.

पहिला प्रयोग : साध्या मजकुराच्या फाईलीत एकच वाक्य हजार वेळा चिकटवा आणि झिप करा. मग तेवढ्याच लांबीचा, पुनरुक्ती नसलेला उतारा झिप करा. दोन्हींचे आकार ताडून पाहा.

दुसरा : सहलीची छायाचित्रे झिप करा. आकार जवळजवळ तेवढाच राहील, कारण 'जेपेग' छायाचित्रे आधीच लहान केलेली असतात. छायाचित्रे पाठवताना झिपचा उपयोग ती एकत्र बांधण्यापुरताच.

तिसरा : झिप फाईलीचीच पुन्हा झिप करा. ती आणखी लहान होत नाही, कधी किंचित वाढतेही. याचे कारण गणिताच्या तासाला सांगता येईल. 'न' बिटांचे वेगवेगळे संदेश २ चा 'न' वा घात इतके असतात. त्याहून आखूड असे सर्व संदेश मिळून मात्र २ चा 'न' वा घात उणे १ इतकेच भरतात. म्हणजे प्रत्येक फाईल लहान करणारी आज्ञावली असूच शकत नाही. तसा दावा करणारी जाहिरात दिसली तर ती खोटी समजावी.

चौथा : वर्डमधील 'डॉक-एक्स' प्रकारच्या एखाद्या फाईलीची प्रत काढा आणि त्या प्रतीच्या नावातील टिंबापुढचा भाग बदलून 'झिप' करा. ती उघडते! कारण ती मुळात झिपच आहे. लिब्रेऑफिसच्या फाईली, 'ई-पब' पुस्तके, अँड्रॉइड फोनवरील अॅप, हे सगळे झिपचेच अवतार आहेत. वर्डच्या फाईलीतील 'मीडिया' या कप्प्यात सर्व चित्रे सुटी मिळतात. एकेक चित्र वेगळे काढत बसावे लागत नाही.

दोन व्यावहारिक सूचना. झिपमध्ये प्रत्येक फाईलीबरोबर एक पडताळा-अंक साठवलेला असतो. मूळ फाईली पुसण्यापूर्वी सेव्हन-झिपमधील 'टेस्ट' हे बटण दाबून झिप शाबूत आहे याची खात्री करावी. दुसरे, विद्यार्थ्यांची माहिती परवलीचा शब्द घालून पाठवायची असेल तर झिपची जुनी कुलूप-पद्धत कमकुवत आहे हे लक्षात ठेवावे. सेव्हन-झिपमध्ये 'एईएस-२५६' निवडावे. तरीही झिपमधील फाईलींची नावे बाहेरून दिसतातच, म्हणून नावात विद्यार्थ्याचे नाव घालू नये.

साधन निवडताना

अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव हे दोघेही २०२३ मध्ये, दोन महिन्यांच्या आत, निवर्तले. १९८९ साली बांधलेली झिप फाईल आजही उघडता येते. ती बांधणारी मूळ आज्ञावली आजच्या संगणकावर चालो वा न चालो, नमुना लिहून ठेवलेला आहे आणि तो वाचून कोणीही नवी आज्ञावली लिहू शकतो.

शाळेसाठी एखादे साधन निवडताना आपण प्रथम किंमत विचारतो, आणि तुटपुंज्या सादिल खर्चात ते स्वाभाविकच आहे. पण जिफही मोफत होता. म्हणून आणखी दोन प्रश्न विचारावेत. या साधनात ठेवलेला मजकूर दुसऱ्या साधनाने उघडतो का? आणि तो कसा साठवला जातो हे कोठे उघडपणे लिहून ठेवले आहे का? दाखले, गुणपत्रके आणि मुलांचे लेखन आज एका शिक्षकाच्या हाती असते, दहा वर्षांनी दुसऱ्याच्या. त्या दुसऱ्याला ते वाचता आले पाहिजे.